मटणातले पांढरे दाणे आणि पाण्याच्या गाठी : धोका कशात आहे, कशात नाही

"डॉक्टर, काल आणलेल्या मटणात तांदळासारखे पांढरे दाणे होते. शिजवून सगळ्यांनी खाल्लं. आता जंत मेंदूत जातील का?" हा प्रश्न मला वर्षातून काही वेळा तरी विचारला जातो. कधी सोबत मोबाइलवर काढलेला फोटो असतो, कधी रुग्णाने आधीच दुकानातून जंताच्या गोळ्या घेतलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला, यकृतात पाण्याची मोठी गाठ झालेला रुग्ण मला सांगतो, "मी तर मटण कधी खातच नाही, मग ही गाठ आली कुठून?"

या दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे. तो समजला तर नको तिथली भीती जाते आणि काळजी हवी तिथे घेता येते.

थोडक्यात उत्तर

- मेंढी-बोकडाच्या मांसात डोळ्यांना दिसणाऱ्या बहुतेक परजीवी गाठी, मटण नीट शिजवून खाल्ल्यास माणसाला त्रास देत नाहीत.
- त्याच मांसातला एक धोका डोळ्यांना दिसत नाही आणि तपासणीतही पकडला जात नाही. त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. गरोदर स्त्रियांसाठी तो महत्त्वाचा आहे.
- सर्वांत गंभीर आजार, म्हणजे हायडॅटिड, मटण खाऊन होत नाही. गाठ असलेली कलेजी किंवा फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले, की त्या कुत्र्यामार्फत तो माणसाकडे येतो.

मेंढीच्या स्नायूत गाठी होतात कशा?

या परजीवींना जगायला दोन प्राणी लागतात. एक मांस खाणारा, म्हणजे कुत्रा किंवा मांजर. दुसरा चारा खाणारा, म्हणजे मेंढी किंवा शेळी.

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या आतड्यात परजीवी वाढतो आणि त्याची अंडी किंवा बीजे विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवतावर, चाऱ्यावर, पाणवठ्यावर पसरतात. मेंढी चरताना ती गिळते. मेंढीच्या आतड्यातून ती रक्तात जातात आणि स्नायू, हृदय, यकृत किंवा फुप्फुसात पोचून तिथे गाठ करून राहतात. पुढे ते मांस कुत्र्याने किंवा मांजराने कच्चे खाल्ले की चक्र पूर्ण होते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक परजीवीचे यजमान ठरलेले असतात. मेंढीच्या स्नायूतला जो परजीवी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, तो माणसाच्या आतड्यात वाढेलच असे नाही. बहुतेक वेळा तो वाढत नाही. म्हणूनच 'मांसात गाठ दिसली म्हणजे आजार झाला' हे समीकरण चुकीचे आहे.

मटणात काय काय दिसू शकते?

*१. तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे दाणे : सार्कोसिस्टिस*

हा एकपेशीय परजीवी आहे, जंत नव्हे. १८४३ साली मीशर या स्विस संशोधकाने उंदराच्या स्नायूत तो प्रथम पाहिला. मेंढीत त्याच्या अनेक जाती आढळतात. मांजरामार्फत पसरणाऱ्या जातींच्या गाठी मोठ्या होतात. अन्ननलिका, जीभ, घसा आणि छाती-पोटामधला पडदा या ठिकाणी त्या पांढऱ्या, लांबट दाण्यांसारख्या उठून दिसतात. त्या वाढायला बराच काळ लागतो, म्हणून वयस्क मेंढ्यांत दिसतात, कोकरांत सहसा नाही.

कुत्र्यामार्फत पसरणाऱ्या जातींच्या गाठी मात्र सूक्ष्म असतात. त्या फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जगात जिथे जिथे तपासणी झाली तिथे मोठ्या मेंढ्यांत हा संसर्ग अतिशय सर्रास सापडला आहे. म्हणजे आपण आयुष्यभर जे मटण खाल्ले त्यातही तो असणारच. मेंढीला त्याचा त्रास होतो. मोठा संसर्ग झाला तर ताप, रक्तक्षय, गर्भपात होऊ शकतो. माणसाला मात्र मेंढीच्या या जातींचा संसर्ग होत नाही.

सार्कोसिस्टिसच्या ज्या जाती माणसाच्या आतड्यात वाढतात त्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोमांसातून आणि डुकराच्या मांसातून येतात. त्यातही मळमळ, पोटदुखी, जुलाब असा त्रास होऊन तो बहुधा आपोआप थांबतो. माणसाच्या स्नायूत गाठी होण्याचा प्रकार अगदी दुर्मीळ आहे. २०११-१२ मध्ये मलेशियातल्या तिओमान बेटावर गेलेल्या पर्यटकांना ताप आणि तीव्र अंगदुखी झाली, ती याच परजीवीने. पण त्याचा संबंध सापांशी असल्याचे मानले जाते, मटणाशी नाही.

*२. वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान पाणीदार गाठ : मेंढीची 'गोवर'*

कुत्र्याच्या एका पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, ही बाल्यावस्था आहे. हृदय, पडदा, जबड्याचे स्नायू या ठिकाणी ती सापडते. ताजी असेल तर आत पाणी आणि एक पांढरा ठिपका दिसतो. जुनी झाली की ती चुन्यासारखी कडक होते आणि सुरीला खरखर लागते. इंग्रजीत या अवस्थेला मेंढीची गोवर म्हणतात, पण आपल्या मुलांना होणाऱ्या गोवराशी तिचा काहीही संबंध नाही. माणसाला ती होत नाही. मांस किळसवाणे दिसते म्हणून ते नाकारले जाते आणि नुकसान होते ते मेंढपाळाचे.

*३. पोटातल्या पडद्याला लोंबणारी पाण्याची पिशवी*

बोकड कापताना आतड्याभोवतीच्या चरबीच्या पडद्याला किंवा कलेजीला चिकटलेली, पातळ पारदर्शक, पाण्याने भरलेली पिशवी अनेकांनी पाहिली असेल. आत एकच पांढरा गोळा तरंगताना दिसतो. हीदेखील कुत्र्याच्या दुसऱ्या एका पट्टकृमीची बाल्यावस्था आहे आणि तीही माणसाला होत नाही.

*४. कलेजीत किंवा फुप्फुसात रुतलेली, जाड भिंतीची गाठ : हायडॅटिड*

ही वेगळी ओळखायला हवी. ती लोंबत नाही, अवयवात घट्ट बसलेली असते. भिंत पांढुरकी आणि जाड असते, आत स्वच्छ पाणी आणि कधी बारीक वाळूसारखे कण असतात. ती खाल्ल्याने माणसाला हायडॅटिड होत नाही. तरीही ती सर्वांत धोकादायक आहे. का, ते पुढे सविस्तर पाहू.

*५. कलेजीतले पानासारखे चपटे किडे*

पित्तनलिकेत सापडणारे हे यकृतकृमी आहेत. पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांत ते जास्त आढळतात. माणसाला त्यांचा संसर्ग होतो तो पाण्यात वाढणारी भाजी कच्ची खाल्ल्याने, शिजलेल्या कलेजीतून नाही.

याशिवाय प्रत्येक गाठ परजीवीची नसते. चरबीत दडलेल्या राखाडी-तपकिरी गोळ्या बहुधा लसिका ग्रंथी असतात. त्या प्रत्येक जनावरात असतातच. पांढरी दोरी म्हणजे शिर किंवा स्नायूबंध असू शकतो. पिवळसर पू असलेली गाठ मात्र वेगळी. ती जंतुसंसर्गाची असते आणि तो भाग खाऊ नये.

मग मेंदूतले जंत येतात कुठून?

आपल्याकडे फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी एक म्हणजे मेंदूतील सिस्टिसर्कोसिस. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये मेंदूत लहान गोल गाठ दिसते आणि घरचे लगेच मटणाकडे बोट दाखवतात.

हा आजार मेंढी-बोकडाच्या मांसातून होत नाही. त्याचा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो आणि डुकराच्या मांसात गाठी करतो. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ले तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठ मात्र तेव्हा होते, जेव्हा त्या पट्टकृमीची *अंडी* पोटात जातात. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरचे शौच, मैलापाण्यावर वाढवलेली आणि न धुता खाल्लेली भाजी, दूषित पाणी, शौचानंतर हात न धुता स्वयंपाक करणारी व्यक्ती हे त्याचे मार्ग. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात मांस चाखलेले नाही अशा शाकाहारी माणसांनाही हा आजार होतो. घरातल्या कुणाला असा आजार निघाला तर रुग्णाच्या ताटातले मटण बंद करण्याने फरक पडत नाही. घरातल्या सर्वांची शौचतपासणी करणे आणि हात धुण्याची सवय लावणे याने फरक पडतो.

न दिसणारा धोका : टॉक्सोप्लाझ्मा

मेंढी आणि शेळीच्या स्नायूंत टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीच्या सूक्ष्म गाठी असू शकतात. मांस कितीही ताजे, लाल आणि स्वच्छ दिसले तरी त्या असू शकतात. याचा मूळ यजमान मांजर.

निरोगी माणसाला याचा संसर्ग झाला तर बहुधा काहीच कळत नाही, किंवा थोडा ताप आणि मानेत गाठी येऊन जातात. दोन गटांना मात्र जपावे लागते :

- गरोदर स्त्रिया. गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो. गर्भपात, बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा असे परिणाम होऊ शकतात.
- प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण. एचआयव्हीचे रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असलेले.

आपल्या घरचा कुकरमध्ये शिजलेला रस्सा या बाबतीत सुरक्षित आहे. अडचण येते ती इतर ठिकाणी : कच्च्या खिम्याचे मीठ चाखून पाहणे, आतून गुलाबी राहिलेला सीख कबाब, निखाऱ्यावर बाहेरून काळी आणि आतून ओली राहिलेली बोटी, 'कडक होईल' म्हणून घाईने तव्यावरून उतरवलेली कलेजी. शिवाय ज्या सुरीने आणि पाटावर मटण कापले त्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरणे हेही तितकेच धोक्याचे.

हायडॅटिड : कुत्र्यामार्फत परत येणारी गाठ

ज्या पट्टकृमीने हा आजार होतो तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याला त्याचा त्रास होत नाही. कुत्रा धडधाकट दिसतो, खेळतो, राखण करतो. त्याच्या विष्ठेतून मात्र अंडी पडत राहतात. ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि कुत्र्याच्या केसांना, तोंडाला चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसणारे मूल, शेतातली भाजी न धुता खाणारा माणूस किंवा कळपासोबत राहणारे मेंढपाळ कुटुंब ही अंडी नकळत गिळते.

माणसाच्या शरीरात पुढे तेच होते जे मेंढीत होते. अंड्यातून निघालेला जीव आतड्यातून रक्तात जातो. सुमारे ७० टक्के रुग्णांत तो यकृतात आणि सुमारे २० टक्क्यांत फुप्फुसात अडकतो. क्वचित मूत्रपिंड, हाडे किंवा मेंदूतही गाठ होते. ती सावकाश वाढते. पाच-दहा वर्षे काहीच कळत नाही. म्हणूनच "मी तर मटण खात नाही" किंवा "आता घरी कुत्रा नाही" असे सांगणाऱ्या रुग्णालाही ती असू शकते. संसर्ग लहानपणी, गावी झालेला असतो.

*लक्षणे*

- उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणे किंवा हाताला लागणारा फुगवटा
- गाठ पित्तनलिकेत फुटली तर कावीळ, थंडी-ताप
- फुप्फुसात असेल तर खोकला, छातीत दुखणे, थुंकीत रक्त
- फुप्फुसातली गाठ फुटली तर खोकल्यातून अचानक भरपूर खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडणे
- गाठ पोटात फुटली तर अंगभर पित्त उठणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे. ही आणीबाणी आहे. रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

बऱ्याच रुग्णांत मात्र दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा छातीच्या एक्स-रेमध्ये ती अचानक सापडते.

*तपासणी*

पोटासाठी सोनोग्राफी ही पहिली आणि सर्वांत उपयोगी तपासणी. गरजेनुसार सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मदतीला असते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. विशेषतः फुप्फुसातल्या गाठीत ती निगेटिव्ह येऊ शकते. एक सूचना रुग्णांनी लक्षात ठेवावी : यकृतात पाण्याची गाठ निघाली तर हायडॅटिडची शंका दूर झाल्याशिवाय सुई घालून पाणी काढून घेऊ नये. पुरेशा तयारीशिवाय सुई घातली तर आतले द्रव पोटात सांडून तीव्र ॲलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठी पसरू शकतात.

*उपचार*

गाठीचा आकार, जागा आणि सोनोग्राफीतली अवस्था पाहून उपचार ठरतो. सर्वांना ऑपरेशन लागत नाही.

- लहान, एकाच पोकळीच्या गाठीला अनेकदा अल्बेन्डाझोल हे औषध काही महिने दिले जाते.
- काही गाठींत सोनोग्राफीखाली सुईने पाणी काढून, आत परजीवी मारणारे द्रव सोडून ते पुन्हा काढले जाते. हे काम अनुभवी केंद्रातच, औषधाच्या संरक्षणाखाली होते.
- मोठ्या, फुटण्याच्या बेतात असलेल्या किंवा गुंतागुंत झालेल्या गाठीसाठी ऑपरेशन.
- कडक झालेल्या, निष्क्रिय गाठीला फक्त ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नजरेखाली ठेवतात.

अल्बेन्डाझोल चालू असताना ते थोडे तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घ्यावे, म्हणजे ते चांगले शोषले जाते. मधूनमधून यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात. या काळात गर्भधारणा टाळावी. गाठ काढल्यानंतरही काही वर्षे सोनोग्राफी करत राहणे गरजेचे असते, कारण आजार पुन्हा उद्‌भवू शकतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याची काहीच गरज नाही.

मांस तपासणीत नेमके काय होते?

कायदेशीर कत्तलखान्यात जनावराची तपासणी दोनदा होते. कापण्याआधी पशुवैद्यक जनावर आजारी, तापलेले, गाभण नाही ना हे पाहतात. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण किंवा तीन महिन्यांपेक्षा लहान जनावर कापता येत नाही आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. त्याच नियमांत असेही आहे की एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे प्रत्येक जनावराला किमान पाच मिनिटे. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही कापण्याआधीची आणि नंतरची तपासणी आवश्यक आहे.

कापल्यानंतर डोके, जीभ, अन्ननलिका, फुप्फुस, हृदय, पडदा, यकृत, मूत्रपिंडे आणि लसिका ग्रंथी पाहिल्या जातात, हाताने चाचपल्या जातात आणि शंका आली तिथे चिरून बघितल्या जातात. मोजक्या गाठी असतील तर तेवढा भाग काढून बाकीचे मांस पास करतात. गाठी अंगभर पसरल्या असतील तर संपूर्ण धड बाद होते. अमेरिकेच्या नियमात तर आकडाच दिला आहे : मेंढीच्या 'गोवरा'त स्नायूंत पाचपेक्षा जास्त गाठी निघाल्या तर पूर्ण धड बाद. ही गाठ माणसाला होत नाही हे त्याच नियमात नमूद आहे. तरीही मांस बाद होते, कारण गाठींनी भरलेले मांस अन्न म्हणून विकणे योग्य नाही.

तपासणीला मर्यादाही आहेत. टॉक्सोप्लाझ्मा आणि सूक्ष्म सार्कोसिस्टिस डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून शिक्का असलेले मांसही नीट शिजवावेच लागते. रुग्णांच्या दृष्टीने तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे : बाद झालेली कलेजी आणि फुप्फुसे कुत्र्यांच्या तोंडी न लागता नष्ट होतात. दुकानामागे, ओढ्याकाठी किंवा घरच्या अंगणात जनावर कापले जाते तेव्हा नेमकी हीच पायरी गळते. नको असलेला अवयव उकिरड्यावर जातो आणि तिथे कुत्री वाट बघत असतात.

ज्यांनी हे चक्र तोडले

आइसलँडमध्ये एकेकाळी हायडॅटिड घराघरात होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने तिथल्या कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा चौथ्या हिश्शाहून अधिक कुत्र्यांत हा पट्टकृमी सापडला. पुढच्याच वर्षी लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका घरोघर वाटली गेली. तिच्यात मुख्य सांगणे हेच होते की गाठी असलेले अवयव कुत्र्याला देऊ नका. विसाव्या शतकात त्या देशातून हा आजार नाहीसा झाला. तेव्हा प्रभावी औषध नव्हते, लसही नव्हती. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना कच्चे मांस न देणे, नियमित औषध आणि कत्तलखान्यातली कडक तपासणी या मार्गाने हायडॅटिड आटोक्यात आणला आणि २००२ मध्ये देश तात्पुरत्या स्वरूपात मुक्त जाहीर केला. मेंढीच्या 'गोवरा'वरची लस १९८९ मध्ये तयार झाली आणि त्याच वाटेने पुढे मेंढीला हायडॅटिडपासून वाचवणारी लसही आली.

घरी काय करावे?

*मटण आणताना आणि शिजवताना*

- शक्यतो परवाना असलेल्या दुकानातून, तपासणीचा शिक्का असलेले मटण घ्या. शिक्का कुठे आहे हे विचारायला संकोच करू नका.
- दाणे किंवा गाठी दिसल्यास तेवढा भाग काढून टाका. खूप गाठी असतील तर मटण परत करा.
- कुकरमध्ये किंवा पातेल्यात, मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवा. खिमा, कबाब आणि कलेजी आतून गुलाबी राहता कामा नये. थर्मामीटर वापरत असाल तर खिम्याचे आतले तापमान ७१ अंश सेल्सियस हवे.
- उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवल्याने मांसातल्या परजीवींचा धोका बराच कमी होतो, पण तो शिजवण्याला पर्याय नाही. नेहमीच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्याने परजीवी मरत नाहीत.
- सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला हात लावू नका.

*जनावर घरी किंवा गावात कापले गेल्यास*

- ईद, जत्रा, नवस, लग्नकार्य काहीही असो, कलेजी-फुप्फुस किंवा कुठलाही गाठीचा अवयव कुत्र्या-मांजरांपुढे कच्चा टाकू नका.
- तो कुत्रा उकरून काढू शकणार नाही इतका खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला द्यायचाच असेल तर लहान तुकडे करून किमान अर्धा तास उकळून द्या.
- पाण्याची गाठ उघड्यावर फोडू नका.

*कुत्रा-मांजर असल्यास*

- कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पट्टकृमीवरचे औषध नियमित द्या. कळपासोबतच्या आणि कच्चे मांस मिळणाऱ्या कुत्र्यांना साधारण दर सहा आठवड्यांनी ते लागते. जंताचे प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालत नाही, हे विचारून घ्या.
- औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्र्याची विष्ठा गोळा करून पुरा. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत.
- कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः मुलांनी, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. तोंड चाटू देऊ नये.
- मांजराची शौचाची माती रोज बदला. गरोदर स्त्रीने हे काम करू नये. करावेच लागले तर हातमोजे घालावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दाणे असलेले मटण खाल्ले. जंताची गोळी घेऊ का?*
नाही. नीट शिजलेल्या मटणातून ते दाणे तुमच्या शरीरात वाढत नाहीत, त्यामुळे गोळीने मारायला काही नसतेच. शाळेत मुलांना दिली जाणारी जंतनाशक गोळी मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते. ज्याला फिट येण्याचा इतिहास आहे किंवा ज्याच्या मेंदूत गाठ असण्याची शक्यता आहे, त्याने परस्पर अशा गोळ्या घेतल्या तर मेंदूत सूज येऊन फिट येऊ शकते.

*मटण अर्धवट शिजलेले होते. आता काय?*
पुढचे काही दिवस ताप, उलटी, जुलाब यांकडे लक्ष ठेवा. त्रास झालाच तर तो बहुधा जिवाणूंमुळे असतो. गरोदर असाल तर लक्षणे नसली तरी आपल्या डॉक्टरांना सांगा. गरज वाटल्यास ते टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी करतील. निष्कर्ष नेटवरून काढू नका. जुना संसर्ग आणि नवा संसर्ग यांतला फरक एका रिपोर्टवरून नेहमी कळत नाही.

*मेंढीपेक्षा बोकडाचे मटण सुरक्षित का?*
या बाबतीत फारसा फरक नाही. वर सांगितलेले बहुतेक परजीवी दोघांतही आढळतात.

*वजडी, पाया, भेजा खावा का?*
स्वच्छ धुऊन पूर्ण शिजवलेले असेल तर चालते.

*आमच्या घरी कुत्रा आहे. सर्वांची सोनोग्राफी करू का?*
सरसकट गरज नाही. घरात कुणाला हायडॅटिड निघाला असेल, किंवा कुटुंब अनेक वर्षे कळप आणि कुत्र्यांसोबत राहिले असेल, तर पोटाची एक सोनोग्राफी करून घेणे योग्य. सर्वांना तोच संसर्ग एकाच वेळी झालेला असू शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- उजव्या बरगडीखाली सतत जडपणा किंवा गाठ लागत असेल
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त किंवा खारट पाणी पडले असेल
- पहिल्यांदाच फिट आली असेल
- गरोदरपणात ताप आणि मानेत गाठी आल्या असतील
- शौचातून पांढऱ्या फितीसारखे तुकडे पडत असतील
- पोटाला मार लागल्यावर किंवा अचानक अंगभर पित्त उठून धाप लागली असेल. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना सांगताना फक्त 'काय खाल्ले' एवढेच सांगू नका. लहानपण कुठे गेले, घरी किंवा शेतावर कुत्री होती का, कुटुंबात मेंढपाळीचा व्यवसाय होता का, घरातल्या कुणाचे 'पाण्याच्या गाठी'चे ऑपरेशन झाले आहे का, हेही सांगा. यकृतातल्या गाठीचे निदान करताना या माहितीचा डॉक्टरांना खूप उपयोग होतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या तक्रारीसाठी आपल्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्यावा.*